सूर्यमाला टेबलावर मावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या सातवीच्या चार मुली आणि दोन मुले एका विज्ञान प्रदर्शनाला गेली होती. परत आली तेव्हा त्यांच्या हातात परीक्षकांच्या शेऱ्याचा कागद होता. त्यावर एकच ओळ होती, "प्रतिकृती आढळली नाही." मी २६ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवते आहे. नंबर आला नाही म्हणून पत्र लिहायला बसणारी मी नव्हे. पण मुलांना सूर्यमाला दाखवताना आपण सगळेच, अगदी मीसुद्धा, वर्षानुवर्षे एक चूक करत आलो आहोत, आणि ती मला त्या एका ओळीत लख्ख दिसली. म्हणून हे पत्र.

आमची शाळा लोणार तालुक्यात आहे. पहिली ते सातवी, पट ९३, शिक्षक चार. पाचवीच्या वर्गात बाजारात मिळतो तसा सूर्यमालेचा तक्ता टांगलेला आहे. डाव्या कडेला पिवळाधमक सूर्य, मग ओळीने आठ रंगीत गोळे, शनीभोवती कडे, मंगळ आणि गुरूच्या मधोमध दगडांचे कुंपण. या तक्त्यावर पट्टी ठेवून मी किती वर्गांकडून "बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ" म्हणवून घेतले असेल, त्याचा हिशेब नाही. मुले पाठ करतात, जोड्या जुळवतात, गुण मिळवतात. गेल्या ऑगस्टमध्ये पाचवीतल्या एका मुलाने विचारले, "मॅडम, गुरू न् मंगळ इतके खेटून फिरतात, तं त्यायची टक्कर काऊन होत नाही?"

मी उत्तर द्यायला गेले आणि अडले. तो तक्ता बघणाऱ्या कुणालाही हाच प्रश्न पडायला हवा. पण इतक्या वर्षांत तो एकाही मुलाने विचारला नव्हता आणि माझ्याही मनात आला नव्हता. हा मुलगा वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसतो, दोन ट्रॅक्टर अरुंद पांदीत समोरासमोर आले की काय होते ते त्याला ठाऊक आहे.

त्या रात्री घरी मी आकडेमोड केली. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर धरले, तर सूर्य १४ सेंटिमीटरचा होतो. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, आणि ती सूर्यापासून १५ मीटरवर येते. दुसऱ्या दिवशी सातवीच्या मुलांना बरोबर घेतले. डब्यातल्या-कोठीतल्या वस्तू मापून मापून निवडायचे काम त्यांनीच केले. सूर्याला एक लहान डांगर मिळाले, मुठीपेक्षा मोठे, लाल-पिवळे. पृथ्वी म्हणजे राजगिऱ्याचा दाणा. शुक्रही राजगिराच, किंचित बारीक बघून घेतलेला. मंगळाला खसखस, बुधाला रव्याचा कण. गुरूला गावरान बोर, शनीला त्याहून लहान बोर. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे तुरीचे दोन दाणे.

सगळ्यात आधी चंद्र मांडला. काळ्या कार्डपेपरवर राजगिऱ्याचा एक दाणा चिकटवला आणि प्रत्येकाला म्हटले, चंद्र कुठे असेल तिथे पेन्सिलीने टिंब काढा. बहुतेकांची टिंबे दाण्याला लागूनच पडली, फार तर दोन-तीन दाणे सोडून. कारण पुस्तकात चंद्र तिथेच असतो. मग एका मुलीने काडीचे टोक ओले करून एकेक दाणा उचलत एकापुढे एक असे ३० दाणे लावले. पृथ्वीसारख्या ३० पृथ्व्या ओळीने ठेवल्या की चंद्र येतो. श्वासाने दाणे उडतील म्हणून ती पोर तोंडावर ओढणी धरून बसली होती. ओळ पूर्ण झाली तेव्हा जेमतेम दोन बोटे भरली. तिथे चाळलेल्या रेतीतला एक कण ठेवला. १४ जुलै २०२३ ला निघालेले चांद्रयान-३ चंद्रावर उतरायला २३ ऑगस्ट उजाडला, ते हे अंतर. माणूस स्वतः आजवर गेला आहे तोही एवढाच, दोन बोटे. मुलांनी बोटे लावून लावून पाहिले.

मग रस्ता. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, दर मीटरला लाल चिंधीची गाठ मारली. डांगर शाळेच्या फाटकाच्या खांबावर ठेवले आणि एसटी थांब्याच्या दिशेने मोजत निघालो. बुध पावणेसहा मीटरवर, शुक्र ११ मीटरवर, पृथ्वी १५ वर, मंगळ २३ वर. इथपर्यंत मुले बोलत होती, हसत होती. मंगळ संपला आणि दोरी पुन्हा पुन्हा पुढे टाकत राहावे लागले. ३० मीटर, ४० मीटर, ५० मीटर. हातपंप मागे गेला, पिठाची गिरणी मागे गेली. "मॅडम, मधात तं काहीच नाही!" असे ओरडला तो तोच, टक्कर का होत नाही विचारणारा. गुरूचे बोर ७८ मीटरवर एका घराच्या ओट्यावर ठेवले. त्याला उत्तर मी दिले नाही, रस्त्याने दिले.

त्या मोकळ्या जागेतच लघुग्रहांचा पट्टा आहे. तक्त्यावरच्या दगडांच्या कुंपणामुळे मुलांना वाटते, तिथून माशीही जाणार नाही. खरे तर तिथल्या सगळ्या लघुग्रहांचे वस्तुमान एकत्र केले तरी आपल्या चंद्राएवढे भरत नाही. त्यातला सर्वात मोठा सेरेस, १ जानेवारी १८०१ ला सापडलेला, साधारण साडेनऊशे किलोमीटरचा. आमच्या रस्त्यावर तो धुळीचा कण होतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. अवकाशयाने त्या पट्ट्यातून कशालाही न धडकता पलीकडे जातात.

पण त्या पोकळीतून कधी एखादा दगड वाट चुकून येतो, हे आमच्या मुलांना पुस्तकातून सांगावे लागत नाही. लोणारचे सरोवर त्यांनी आई-बापाचा हात धरून पाहिलेले असते. लवणासुराला विष्णूने मारले ती कथा त्यांना आजीकडून पाठ असते आणि दैत्यसूदनाच्या देवळात ती जाऊन आलेली असतात. सुमारे अठराशे मीटर रुंदीचा तो खड्डा एकेकाळी ज्वालामुखीचा समजला जात होता. आघाताशिवाय तयार होऊ न शकणारी काच तिथल्या खडकात सापडली, आणि आकाशातून पडलेल्या दगडानेच तो झाला हे पक्के झाले. दख्खनच्या काळ्या पाषाणात इतका नीट टिकलेला असा खड्डा जगात अपूर्वच मानतात. मी मुलांना विचारले, आपल्या राजगिऱ्यावर लोणार दाखवायचे तर केवढे? कुणी सुईचे टोक म्हणाले. नाही, सुईचे टोकही कितीतरी मोठे होईल. सरोवराच्या कडेवर उभे राहिल्यावर पलीकडची माणसे दिसत नाहीत, आणि इथे ते सरोवरच दिसत नाही. हे ऐकून मुले गप्प झाली. ती गप्प झाली ते मला आवडले.

२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, संध्याकाळी विदर्भाच्या बऱ्याच भागांतून आकाशात जळत्या रेषा दिसल्या होत्या, वाचकांना आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी पडलेली सापडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असे तज्ज्ञांनी सांगितले. त्या रात्री मला गावातून फोनावर फोन आले, "मॅडम, तारा पडला." उल्का डोळ्याचे पाते लवेपर्यंत विझते आणि ते तुकडे मात्र संथपणे आकाश ओलांडत गेले, एवढा फरक जरी मुलांना आधी माहीत असता तरी गावात त्यांनीच समजावून सांगितले असते. आकाशात घडते ते आमच्या शिवारावरच घडते. शाळेत मात्र आकाश ११ वाजता, छताखाली, खडूने शिकवले जाते.

रस्त्याकडे परत येते. शनी १४३ मीटरवर, युरेनस २८७ मीटरवर, नेपच्यून ४५० मीटरवर, थांब्यापलीकडच्या कडुनिंबाखाली. तिथून मागे पाहिले तर फाटकावरचे डांगर दिसते न दिसते, म्हणून एकाला लाल रुमाल घेऊन तिथे उभे केले होते. सूर्याचे ऊन तिथे किती पोचत असेल, हे मग वेगळे सांगायला लागले नाही. याउलट पृथ्वीच्या जागी, १५ मीटरवर उभे राहिले की ते डांगर जेवढे दिसते, बरोबर तेवढाच आकाशात सूर्य दिसतो. आणि काळ्या कागदावर दाण्याजवळ डोळा नेऊन पाहणे शक्य असते तर रेतीचा कणही तेवढाच दिसला असता. म्हणून तर चंद्र सूर्याला पुरता झाकू शकतो. खग्रास ग्रहणाचा धडा मी त्या दिवशी शिकवला नाही, तो झाला. सूर्याकडे मुलांना मुळीच बघू दिले नाही, हेही सांगून ठेवते. चंद्रावर करंगळी धरून बघा म्हणाले, आणि रात्री सगळ्या गल्लीने धरून पाहिली.

मुंगीची गोष्ट मात्र मला सुचलेली नाही. सहावीतल्या एका मुलीने विचारले, आपल्या रस्त्यावर प्रकाश किती जोरात पळेल? सेकंदाला तीन लाख किलोमीटर म्हणजे आमच्या मापात सेकंदाला तीन सेंटिमीटर. ती म्हणाली, "एवढं तं मुंगी चालते." आणि शाळेच्या ओट्यावर फूटपट्टी ठेवून खरोखर मुंग्या मोजायला बसली. बऱ्याच मुंग्या रेंगाळल्या, काही उलट्या फिरल्या. एक काळी मुंगी मात्र पट्टीच्या कडेने सरळ गेली आणि ३० सेंटिमीटर दहा सेकंदांत संपवले. म्हणजे डांगरापासून राजगिऱ्यापर्यंतच्या १५ मीटरला त्या मुंगीला ५०० सेकंद, आठ मिनिटे वीस सेकंद. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला लागतो तेवढाच वेळ. नेपच्यूनपर्यंत जायला मुंगीला चार तासांच्या वर. प्रकाशाच्या वेगाबद्दल मी आजवर जे काही फळ्यावर लिहिले, ते सगळे या मुंगीपुढे फिके आहे. आता आमच्या मुलांना "प्रकाश फार वेगवान" एवढे सांगून चालत नाही, ती विचारतात, कशाच्या मानाने?

१९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ आज आमच्या मापाने अडीच किलोमीटरवर आहे, म्हणजे शेजारच्या गावाच्या शिवेपाशी. आणि सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा? चार हजार किलोमीटर. डांगर आमच्या फाटकावर, आणि दुसरे डांगर काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहूनही दूर.

हे सगळे मुलांनी एका वहीत लिहिले, आकडे तपासले आणि प्रदर्शनाला नेले. तिथे प्रत्येक शाळेला एक मीटर लांबीचे टेबल होते. मुलांनी टेबलावर डांगर, काळा कागद, दोरी आणि वही मांडली आणि परीक्षकांना विनंती केली की बाहेरच्या रस्त्यावर आमच्याबरोबर चला. परीक्षकांकडे वेळ नव्हता. त्यांना अर्ध्या दिवसात साऱ्या मांडण्या बघायच्या होत्या, त्यांची अडचण मला कळते. शेजारच्या टेबलावर थर्माकोलच्या गोळ्यांची, मोटरवर फिरणारी सूर्यमाला होती. तिचा नंबर आला. ती करणाऱ्या मुलाची मेहनत खरी होती, मोटरची जोडणी त्याने स्वतः केली होती आणि मी त्याची पाठ थोपटली. पण त्या मांडणीत पृथ्वी लिंबाएवढी, सूर्य नारळाएवढा आणि दोघांत वीतभर अंतर होते. त्यातून बघणाऱ्यांनी काय शिकावे?

परतताना जीपमध्ये आमच्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर उलटे गणित केले. एक मीटरच्या टेबलावर नेपच्यूनपर्यंतची सूर्यमाला खऱ्या मापात बसवायचीच, तर सूर्य मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा होईल, बारीक रेतीचा कण. पृथ्वी त्याच्यापासून सव्वातीन सेंटिमीटरवर, आणि तिचा आकार मिलिमीटरचे तीन हजारांश, म्हणजे केसाच्या जाडीचाही विसावा भाग. तिने मला विचारले, "मॅडम, असं ठेवलं असतं तं त्यायले प्रतिकृती दिसली असती का?" तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

आता रात्रीबद्दल. पौष अमावस्येच्या आदल्या रात्री आम्ही मुलांना आणि पालकांना शाळेच्या मैदानात बोलावले. तालुक्याच्या गावातल्या एका प्राध्यापकांनी त्यांची स्वतःची चार इंची दुर्बीण आणली. थंडी कडाक्याची, गोधड्या पांघरून शंभरावर माणसे आली. आधी गुरू. त्याच्या बाजूला एका रेषेत चार ठिपके, गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले तेच चार चंद्र. मुलांना साडेसातला त्यांच्या जागा वहीत काढायला लावल्या आणि साडेदहाला पुन्हा. एक ठिपका सरकला होता. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही चित्रात काही सरकत नाही. मुले एकमेकांच्या वह्या ओढून ताडून बघत होती.

शनीची मात्र मला धास्ती होती. २०२५ च्या मार्चमध्ये शनीचे कडे पृथ्वीवरून अगदी आडवे, धारेवर आले होते, आणि अजूनही ते फारसे उघडलेले नाही. तक्त्यावरचा डौलदार शनी बघायला आलेल्या पोरांना गोळ्यातून आरपार गेलेली एक बारीक रेघ दिसली. "शनीले कोणं सुई टोचली?" पहिल्या मुलाने विचारले. मग बांगडी आणि लिंबू घेऊन समजावले. शनी सुमारे २७ अंश कललेला आहे आणि साडेएकोणतीस वर्षांत सूर्याभोवती फिरतो, म्हणून कधी कडे वरून दिसते, कधी खालून, आणि अधेमधे अशी नुसती धार. २०३२ च्या सुमारास ते पुरते उघडलेले दिसेल. पाचवीतल्या मुलींनी बोटांवर मोजले, तेव्हा आपण अकरावीत. त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे.

रांगेत एक आजी होत्या. "माह्या पोराच्या मागं साडेसाती हाय म्हणतात. तो हाच का?" मी म्हटले, हाच. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग विचारले की साडेसातच वर्षे का, आठ का नाही. इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. शनीला बारा राशींतून फिरायला साडेएकोणतीस वर्षे, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी, म्हणून साडेसात. आजींनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हंजे माह्या उमरीत हा दोन खेपा सगळा फिरून आला." शनी कुणाचे वाईट करतो असे मी मानत नाही आणि वर्गात तसे स्पष्ट सांगते. पण ही वर्षे मोजणारी माणसे रात्र रात्र आकाश बघत होती, हेही तितकेच खरे आहे, आणि घराघरांत शिल्लक असलेल्या या शब्दांना शाळेने दारातूनच परत पाठवू नये असे मला वाटते. साडेसातीत शनीचा फेरा आहे. सिंहस्थात गुरूचा आहे. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो म्हणून २०१५ नंतर आता नाशिक-त्र्यंबकेश्वरला येत्या ३१ ऑक्टोबरला ध्वज चढणार. माझ्या वर्गातल्या किती मुलांचे आजी-आजोबा तिथे जातील! त्यांतल्या एकाने जरी नातवाला सांगितले की ज्याच्यामुळे हे पर्व आहे तो गुरू पहाटे पूर्वेला मघेजवळ दिसतो आहे, तरी आमचा एक तास वाचेल.

नऊ की आठ, हा आमच्याकडे दरवर्षीचा वाद. पुस्तकात आठ, बापाने शाळेत शिकलेले नऊ, देवळात नवग्रह. मी फळ्यावर दोन्ही नवांच्या याद्या शेजारी शेजारी लिहिते. देवळातल्या नवांत सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, पृथ्वीच नाही. बापाच्या नवांत पृथ्वी आहे आणि शेवटी प्लूटो. प्लूटोला २००६ च्या ऑगस्टमध्ये बटुग्रहांत घातले. यादी बदलते म्हणजे कुणी चुकले असे नाही, ग्रह कशाला म्हणायचे हे माणसांनी पुन्हा ठरवले, हे एकदा मुलांना समजले की ती पाठांतराला भीत नाहीत. आणि इथे मी त्यांना वेंकटेश बापूजी केतकरांचे नाव सांगते. हे मराठी ज्योतिर्गणिती शाळेत शिक्षक होते. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असे गणित त्यांनी १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत मांडले. एकाला ब्रह्मा नाव दिले, त्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या सुमारे ३९ पट आणि एक फेरा २४२ वर्षांचा सांगितला. १९३० मध्ये प्लूटो सापडला, तो साडेएकोणचाळीस पट अंतरावर, २४८ वर्षांत फिरणारा. प्लूटो फारच हलका निघाल्यामुळे या मेळाला योगायोगच म्हणतात, आणि मी मुलांना तेही सांगते. तरी एका मास्तरांनी दुर्बिणीविना, कागदावर इतक्या लांबचा विचार केला, ही गोष्ट ऐकताना आमच्या मुलांची मान ताठ होते, आणि खोटे कशाला सांगू, माझीही.

मला काय हवे आहे ते आता लिहिते. सूर्यमालेच्या प्रत्येक तक्त्याखाली "यातील आकार आणि अंतरे खऱ्या प्रमाणात नाहीत" एवढे ठळक छापावे. याला पैसा लागत नाही. विज्ञान प्रदर्शनांत टेबलावर न मावणाऱ्या मांडणीला मैदानाची परवानगी द्यावी आणि परीक्षकांनी तिथवर चालत जावे. दर केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक साधी दुर्बीण द्यावी, ती महिन्याला एका शाळेत फिरेल. दुर्बिणीपेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. मुले शाळेत असतात तेव्हा ग्रह दिसत नाहीत. आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ती २० मेच्या आसपास, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा येते ती जुलैच्या चौथ्या आठवड्यात, तेव्हा आभाळ. म्हणून प्रत्येक सत्रात एक रात्र ही शाळेची वेळ म्हणून मोजली जावी आणि त्या बदल्यात दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उशिरा भरावी. आज अशी रात्र शिक्षकाच्या हौसेवर चालते. मुलींना रात्री मैदानात बोलवायचे तर पालकांची संमती, परत घरी पोचवणे, सगळी जबाबदारी एकट्या शिक्षकावर असते, आणि काही झाले तर पाठीशी कागद नसतो. कागद असू द्या. हौस आम्ही आणू.

त्या प्रदर्शनाचे परीक्षक हे पत्र वाचत असतील तर त्यांना मनापासून निमंत्रण देते. मुलांनी आता रस्त्याच्या कडेला आठ दगड चुन्याने रंगवून पुरले आहेत, त्यावर ग्रहांची नावे आणि मीटर लिहिले आहेत. फाटकापासून कडुनिंबापर्यंत सहा-सात मिनिटांची चाल आहे. सांगायला त्या सहाही जणांना बोलावून घेईन. फक्त येण्याआधी एक दिवस कळवावे, त्या मापाचे डांगर बाजारातून शोधून आणावे लागते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. लोणार, जि. बुलडाणा